छप्पर घालणाऱ्याला लायसन्स: बिल नेमकं कोण भरतं?

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. छप्पर. तेही अमेरिकेतलं. पण दोन मिनिटं थांबा, कारण प्रश्न छपराचा कमी आणि पैशांचा जास्त आहे. सरकारनं कायदा करून एखाद्या धंद्याला लायसन्स सक्तीचं केलं, तर त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो? लायसन्स काढणाऱ्याच्या? सरकारच्या? की ज्यानं त्या कायद्याचं नावही ऐकलेलं नाही अशा माणसाच्या?

(नेहमीप्रमाणे, हे एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे अडखळणे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

अमेरिकाच का, तर तिथे याचा आयता प्रयोग चालू आहे. दोन मोठी राज्यं. फ्लोरिडामध्ये राज्याच्या परवान्याशिवाय छपराचं काम घेणं हा गुन्हा आहे. आणि टेक्सासमध्ये राज्याचं असं लायसन्सच नाही. टेक्सासात केस कापायला लायसन्स लागतं. वायरिंगला, नळाच्या कामाला, एसीच्या कामाला लागतं. छपराला लागत नाही. कुणीही पिकअप घ्यावी, शिडी टाकावी, दारावर नाव रंगवावं, झाला रूफिंग कंपनीचा मालक. शहराची परमिटं, स्थानिक नोंदणी वगैरे असतं काही ठिकाणी, पण राज्य विचारायला येत नाही.

आता छप्पर म्हणजे आपली कौलं किंवा पत्रे डोळ्यांसमोर आणू नका. तिथल्या बहुतेक घरांवर शिंगल असतात. डांबर लावलेल्या चपट्या पट्ट्या, वर बारीक खडी. लाकडी फळ्यांवर आधी एक पाणीरोधक थर, मग या पट्ट्या एकीवर एक चढवत खिळ्यांनी ठोकायच्या. सात-आठ जणांची टोळी साधं घर एक-दोन दिवसांत उरकते. भांडवल कमी, काम पटकन, रक्कम मोठी. आणि गंमत अशी की काम चांगलं झालंय की वाईट, हे घरमालकाला दिसतच नाही. खिळा चार इंच इकडे ठोकला की तिकडे, हे खालून कसं कळणार? कळतं ते पुढच्या वादळात. तोवर ठोकणारा कुठे असेल देव जाणे.

म्हणजे लायसन्स मागणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. गिऱ्हाइकाला मालाची पारख करता येत नाही, मग सरकारनं विकणाऱ्याची पारख करावी. सरळ आहे.

फ्लोरिडा ही पारख कशी करतं? चार वर्षांचा अनुभव, किंवा थोडं शिक्षण आणि थोडा अनुभव, त्यात काही काळ मुकादम म्हणून. दोन परीक्षा, एक धंद्याच्या हिशेबाची, एक छपराच्या कामाची. क्रेडिट स्कोर ६६० च्या वर, नाहीतर हमी भरा. विमा काढा, कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा काढा. मग दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी १४ तासांचे वर्ग. हे सगळं बघणारं एक बोर्ड आहे, १८ सदस्यांचं. त्यात बहुतेक जण स्वतः कॉन्ट्रॅक्टर. सामान्य ग्राहकांचे प्रतिनिधी किती? दोन.

ही यंत्रणा मुख्यतः लायसन्सधारकांच्या फीवर आणि दंडावर चालते. म्हणून विधानसभेत असा कायदा येतो तेव्हा हमखास ऐकू येतं, 'सरकारी तिजोरीवर बोजा नाही.' विषय संपला, पुढचं विधेयक आणा.

इथेच माझं डोकं अडलं. तिजोरीवर बोजा नाही म्हणजे जनतेवर बोजा नाही, असं कसं? तिजोरीतला खर्च निदान दिसतो तरी. अर्थसंकल्पात एक ओळ असते, कुणीतरी पत्रकार ती शोधून बातमी करतो. लायसन्सचा खर्च मात्र हजार ठिकाणी चुरा करून टाकलेला असतो.

थोडा कोटेशनमध्ये. फी, विमा, वर्ग, ऑफिसातला कागद सांभाळणारा माणूस, हे सगळं कॉन्ट्रॅक्टर काय घरून भरतो? शिवाय चार वर्षांची अट म्हटली की नवे लोक कमी येणार, आणि स्पर्धा कमी म्हणजे दर वर. ॲडम स्मिथनं १७७६ साली कारागिरांच्या लांबलचक उमेदवारीबद्दल हीच तक्रार केली होती. मिल्टन फ्रीडमननं १९६२ मध्ये त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. पण हा काही फक्त मुक्त बाजारवाल्यांचा सूर नाही. २०१५ साली ओबामांच्या व्हाइट हाउसनं अहवाल काढला की देशातल्या एक चतुर्थांशाहून जास्त कामगारांना आता कसलं ना कसलं लायसन्स लागतं. १९५० च्या दशकात हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली होतं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यांच्या बोर्डाला फटकारलं. कारण? मॉलमध्ये दात पांढरे करून देणाऱ्यांना हे बोर्ड हाकलत होतं आणि बोर्डावर बसले होते दंतवैद्यच. धंदेवाल्यांनीच चालवलेल्या बोर्डावर सरकारची खरीखुरी देखरेख नसेल तर स्पर्धेच्या कायद्यातून सूट मिळणार नाही, असं कोर्ट म्हणालं.

बरं, दर थोडे वाढले तर वाढले, काम चांगलं होतंय ना? असं तुम्ही म्हणाल. तिकडे येतोच. पण आधी या खर्चाचा सगळ्यात वाईट भाग बघू. तो पैशात नाही, वेळेत असतो.

२८ सप्टेंबर २०२२. इअन हे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, फोर्ट मायर्सच्या बाजूला आदळलं. एका रात्रीत हजारो छपरं एकदम फाटली. त्यानंतर तिथे जे दिसतं ते निळं असतं, प्रत्येक घरावर निळी ताडपत्री. आणि सुरू होते वाट बघणं. छप्पर फाटलेल्या घरात प्रत्येक पाऊस म्हणजे नवं नुकसान. आधी छताचा बोर्ड, मग भिंतीतला कापूस, मग बुरशी. वाट जितकी लांब तितकं बिल मोठं.

आता कायदा बघा. फ्लोरिडामध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टर अख्खी इमारत बांधू शकतो. आपण बांधलेल्या नव्या घरावर शिंगलही स्वतः ठोकू शकतो. पण शेजारच्या जुन्या घराचं छप्पर बदलायचं असेल तर ते काम रूफिंगचं लायसन्स असलेल्यालाच द्यावं लागतं. तेच हात, तोच खिळा, तीच शिंगल. इअननंतर राज्याच्या खात्यानं तातडीचा आदेश काढून ही अट तात्पुरती सैल केली, जनरल कॉन्ट्रॅक्टरांनाही छपरं दुरुस्त करायची मोकळीक दिली.

मला यात सगळी गोष्ट दिसते. लोकांच्या सुरक्षिततेसाठी अट आहे म्हणता, मग सगळ्यात जास्त धोक्याच्या वेळी ती बाजूला कशी ठेवता येते? आणि तेव्हा बाजूला ठेवून चालतं, तर एरवी ती कुणासाठी असते?

त्याच वेळी दुसऱ्या हातानं कायदा उलट कडक होतो. परवान्याशिवाय काम करताना पहिल्यांदा सापडलात तर साधारण हलका गुन्हा. पण गव्हर्नरनं आणीबाणी जाहीर केलेली असताना सापडलात तर तोच गंभीर गुन्हा होतो, पाच वर्षांपर्यंत कैद. लुटारूंना रोखायला हे हवंच, मला मान्य आहे. पण पोलीस, वकील, कोर्ट, तुरुंग, हे तर सरळ कराच्या पैशातून चालतं ना? 'तिजोरीवर बोजा नाही' या वाक्यात ते धरलेलं नसतं.

तर काम चांगलं होतं का? हा खरा प्रश्न. आणि याचं उत्तर फ्लोरिडाला १९९२ मध्येच मिळालं होतं.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्रयू वादळानं मायामीच्या दक्षिणेचा भाग, होमस्टेड आणि आसपास, अक्षरशः सोलून काढला. विमा कंपन्यांचं नुकसान पंधरा अब्ज डॉलरच्या घरात. अनेक कंपन्या बुडाल्या. नंतर चौकशीत काय निघालं? छपराच्या फळ्या खिळ्यांऐवजी स्टेपलनं टाचलेल्या. काही खिळे लाकडी तुळईत घुसलेच नव्हते, हवेतच. तपासनीस इतके थोडे आणि कामं इतकी जास्त की शिडी लावून वर चढायलाच वेळ नव्हता. मायामी हेरल्डनं हे सगळं खणून काढलं, त्याला १९९३ चा पुलित्झर मिळाला.

लक्षात घ्या, फ्लोरिडात कॉन्ट्रॅक्टरांचं लायसन्स त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. बोर्ड होतं, परीक्षा होती. छपरं उडाली.

का? कारण लायसन्स कंपनीच्या एका माणसाच्या नावावर असतं. परीक्षा तो देतो. प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर. छपरावर उन्हात खिळे मारणारी जी टोळी असते, तिच्यातल्या कामगारांना कसलीच परीक्षा नाही. बहुतेकदा स्थलांतरित मजूर, कामाप्रमाणे पैसे, जितक्या लवकर उरकेल तितकं बरं. लायसन्स माणसाला मिळतं, खिळा त्याच्या हातात नसतो.

अँड्रयूनंतर खरा फरक पडला तो बांधकामाच्या नियमांनी. दक्षिण फ्लोरिडानं नियम आवळले, २००२ पासून अख्ख्या राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. कुठला खिळा, किती अंतरावर, कुठला माल वाऱ्याच्या चाचणीत पास झालाय, हे सगळं त्यात आलं. मग २००४ मध्ये चार्ली वादळ शार्लट काउंटीवर धडकलं आणि विमा क्षेत्राच्या संशोधन संस्थेनं जुन्या-नव्या घरांचे क्लेम तुलना करून पाहिले. १९९६ नंतरच्या, सुधारलेल्या नियमांनी बांधलेल्या घरांचे क्लेम ६० टक्क्यांनी कमी, आणि जे आले त्यांची रक्कमही ४२ टक्क्यांनी कमी. असा फरक लायसन्सनं पडल्याचा पुरावा मला कुठे सापडला नाही. उलट, १९८१ चा एक जुना अभ्यास आहे, कॅरॉल आणि गॅस्टन या दोघांचा. त्यात दिसलं की ज्या राज्यांत इलेक्ट्रिशियनची संख्या कडक लायसन्सनं कमी राहिली, तिथे विजेचा धक्का लागून मरणारे जास्त. इलेक्ट्रिशियन महाग झाला की माणूस स्वतःच वायर जोडायला जातो. एका अभ्यासावर इमला बांधू नये, पण गोष्ट पटण्यासारखी आहे ना?

आता टेक्सासकडे. कारण तुम्ही म्हणाल, हा लायसन्सच्या विरोधात बोलतोय, म्हणजे टेक्सासात सगळं झकास असणार.

नाही हो. डॅलसजवळ राहणाऱ्या आपल्या एका ऐकणाऱ्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता, तिथल्या गारपिटीबद्दल. लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारावर टकटक सुरू. हातात टॅबलेट, अंगात नवा टीशर्ट. 'तुमचं छप्पर फुकट तपासून देतो. इन्शुरन्सचं आम्ही बघतो. तुमचा डिडक्टिबल पण आम्ही बघतो.' ताईंनी विचारलं होतं, हे खरं असतं का?

डिडक्टिबल म्हणजे क्लेममधला तुमचा स्वतःचा वाटा. टेक्सासात तो बऱ्याचदा घराच्या विम्याच्या रकमेच्या एक-दोन टक्के असतो. चार लाख डॉलरचं घर आणि दोन टक्के म्हटलं तर आठ हजार डॉलर. 'तो आम्ही बघतो' म्हणजे काय, तर कंपनीला बिल आठ हजारांनी फुगवून द्यायचं. घरमालक खूश, रूफर खूश, आणि पुढच्या वर्षी अख्ख्या गल्लीचा हप्ता वाढलेला. २०१९ पासून टेक्सासात हे चक्क बेकायदेशीर आहे, डिडक्टिबल घरमालकानंच भरायचा. तसंच, ज्या घराचं काम करणार त्याच घराच्या क्लेमची विमा कंपनीशी घासाघीस रूफरनं करायची नाही, असाही कायदा आहे. एका रूफिंग कंपनीनं त्याला कोर्टात आव्हान दिलं, म्हणाली हा आमच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला.

हे मला महत्त्वाचं वाटतं. टेक्सासनं दारात उभं राहून 'तू कोण, तुझी परीक्षा दाखव' असं विचारलं नाही. पैसे कसे फिरतात त्यावर बोट ठेवलं. आपत्तीनंतर बाहेरच्या काउंटीतून आलेल्या कॉन्ट्रॅक्टरनं काम सुरू करण्याआधी पैसे मागायचे नाहीत, हाही तिथलाच नियम. असल्या नियमाला बोर्ड लागत नाही, नूतनीकरण लागत नाही, आणि प्रामाणिक माणसाला नव्यानं धंद्यात यायला अडचणही नाही. अर्थात तो पाळला जातोय का ते बघायला माणसं कमी पडतात. आणि टेक्सासचं एक पाप मी झाकणार नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा खाजगी मालकांना ऐच्छिक असलेलं ते एकमेव राज्य आहे. छपराचं काम अमेरिकेतल्या सगळ्यात जीवघेण्या कामांपैकी एक. वरून पडलेल्या मजुराचा हॉस्पिटलचा खर्च कुणी ना कुणी भरतंच, पुष्कळदा काउंटीचं सरकारी हॉस्पिटल, म्हणजे पुन्हा करदाता. फ्लोरिडाचं लायसन्स निदान हा विमा मागतं. लायसन्समधली ही एक अट मी कुठल्याही दिवशी ठेवीन.

पैशाकडे लक्ष दिलं नाही तर काय होतं, ते परत फ्लोरिडातच दिसतं. तिथे एक नियम होता, बारा महिन्यांत छपराचा २५ टक्क्यांहून जास्त भाग दुरुस्त केला तर सगळं छप्परच नव्या कोडप्रमाणे करा. हेतू चांगला. पण मग कोपऱ्यातल्या चार शिंगल उडाल्या तरी 'पंचवीस टक्क्यांच्या वर गेलंय बघा' असं दाखवण्यात सगळ्यांचा फायदा होऊ लागला. घरमालक क्लेमचा हक्कच कॉन्ट्रॅक्टरच्या नावे लिहून द्यायचे. कॉन्ट्रॅक्टर विमा कंपनीवर खटला भरायचा. जिंकला तर वकिलाची फी कंपनीनं द्यायची. राज्याच्या विमा आयुक्तांनी दिलेला आकडा ऐका. २०१९ मध्ये देशातल्या घरविम्याच्या क्लेमपैकी साधारण ८ टक्के फ्लोरिडातले. खटले? ७६ टक्के.

आणि हे करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांकडे रीतसर लायसन्स होतं बरं का.

त्याचं बिल कसं आलं? विमा कंपन्या बुडाल्या किंवा राज्य सोडून गेल्या. लोक सिटिझन्स या सरकारी पाठबळाच्या कंपनीकडे वळले. २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी चौदा लाखांच्या आसपास पोचल्या होत्या. या कंपनीला तूट आली तर राज्यातल्या इतर विमाधारकांवरही अधिभार बसवता येतो, अगदी गाडीच्या विम्यावरसुद्धा. २००५ च्या वादळांनंतर बसलेला असा अधिभार २०१५ पर्यंत चालला. म्हणजे भाड्यानं राहणारा, स्वतःचं छप्परच नसलेला, जुनी कार चालवणारा विशीतला पोरगा दुसऱ्याच्या छपराचे पैसे भरत होता. २०२२ मध्ये शेवटी राज्यानं २५ टक्क्यांचा नियम सैल केला. २००७ च्या किंवा नंतरच्या कोडनं केलेलं छप्पर असेल तर फक्त मोडलेला भाग दुरुस्त करा. क्लेमचे हक्क लिहून देणं जानेवारी २०२३ पासूनच्या पॉलिसींना बंद झालं, वकिलाच्या फीचा नियमही गेला.

आणखी एक छोटी गोष्ट. फ्लोरिडात कॉन्ट्रॅक्टरनं फसवलं तर भरपाई देणारा एक सरकारी निधी आहे. त्यात पैसे येतात बांधकाम परमिटवरच्या अधिभारातून, म्हणजे पुन्हा लोकांकडूनच. पण तो मिळतो कॉन्ट्रॅक्टरकडे लायसन्स असेल तरच. आणि छपराची कंत्राटं त्यात २०१६ मध्ये आली, तीही तेव्हा १५,००० डॉलरच्या मर्यादेत, आधी कोर्टाचा किंवा बोर्डाचा निकाल मिळवून. सगळ्यात जास्त फसवणूक जिथे होते ती बिनलायसन्सवाल्यांची गिऱ्हाइकं, ती बाहेरच. अधिभार मात्र परमिट काढणाऱ्या प्रत्येकानं भरायचा.

मग मी काय केलं असतं? मला विचाराल तर नोंदणी सक्तीची ठेवा, पण साधी. नाव, पत्ता, विमा, कामगारांचा विमा, जुन्या तक्रारी, सगळं फोनवर दिसलं पाहिजे. चार वर्षांची अट आणि क्रेडिट स्कोर काढून टाका. आणि वाचलेला पैसा, खरं तर वर अजून पैसा घालून, तपासनीस नेमा. काम चालू असताना, शिंगल चढायच्या आधी, फळ्यांचे खिळे बघणारा माणूस. हा खर्च अर्थसंकल्पात दिसेल आणि कुणीतरी ओरडेल. ओरडू द्या. दिसणाऱ्या खर्चावर निदान भांडता येतं.

डॅलसच्या ताईंसाठी आणि तिकडे घर घेतलेल्या सगळ्यांसाठी: दारावर आलेल्याला लगेच सही देऊ नका, आधी स्वतः विमा कंपनीला फोन करा. डिडक्टिबल माफ करतो म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. कामगारांच्या विम्याचा कागद मागा आणि तो कागद विमा कंपनीकडून थेट ईमेलवर मागवा, त्याच्या मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. फ्लोरिडात असाल तर राज्याच्या साइटवर लायसन्स नंबर टाका, त्याच्यावर झालेली कारवाईही तिथे दिसते. आणि परमिट घरमालकानं स्वतःच्या नावावर काढावं असं रूफर म्हणाला, तर का, ते विचारा. बहुतेक वेळा त्याच्याकडे लायसन्स नसतं.

पुढच्या एपिसोडसाठी तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजनं पाठवा, एक मिनिटाच्या आत बसवा फक्त.